चोवीस मिलिमीटरमधली खोली

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार

यांना जाऊन चौदा महिने झाले, तरी बँकेकडून यांच्या नावानं डायरी येतेच. ही या वर्षाची, कोरी पडून होती. आजपासून लिहायचं ठरवलंय. घरात बोलायला माणूस आहे, पण सगळं काही सासऱ्यांशी बोलता येत नाही.

दिवाळी उरकून कुशल सकाळी बंगळूरला परत गेला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "आई, मागची खोली एखाद्या नोकरीवाल्या मुलीला भाड्यानं दे. तुला सोबत होईल, हातालाही काम राहील." मागची खोली म्हणजे नानांची, माझ्या सासऱ्यांची. पण बोलला ते खरं. तिला परसात उघडणारं स्वतंत्र दार आहे, कोपऱ्यात मोरी आहे. बाकी घरात आहे काय? हॉल, त्याला लागून रस्त्याकडची गॅलरी, स्वयंपाकघर आणि माझी झोपायची खोली. हॉल काही भाड्यानं देता येत नाही.

जेवताना नानांजवळ विषय काढला. दहा मिनिटं मीच बोलत होते. ते ताकभात कालवत होते. शेवटी म्हणाले, "गॅलरीत वारं चांगलं असतं."

स्वतःहून म्हणाले. मला सुचवावंही लागलं नाही. ब्याऐंशीव्या वर्षी इतका समजूतदारपणा किती जणांत असतो! जीव भांड्यात पडला.

२० नोव्हेंबर

जाहिरातीसाठी खोलीचे फोटो काढायला गेले. माझ्या मोबाइलमध्ये अर्धी खाट नाही तर अर्धं कपाट, दोन्हीपैकी एकच येतं. भिंतीला पाठ लावली, मोरीत उभी राहिले, काही उपयोग नाही. फोटोत ती खोली म्हणजे बोळ दिसते. सव्वासात बाय नऊ आहे, पण इतकी वाईट नाही.

कुशलला फोन केला. तो म्हणाला, "आई, छोटा डिजिटल कॅमेरा घे. तुला हवाच होता ना? पण दुकानदार मेगापिक्सेल सांगत बसेल, त्याला भुलू नकोस. लेन्स किती मिलिमीटरपासून सुरू होते ते विचार. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं. अठ्ठावीस चालेल, चोवीस मिळाला तर उत्तम."

कागदावर लिहून घेतलं, चोवीस.

२४ नोव्हेंबर, शनिवार

नानांना बरोबर घेऊन भिगवण चौकाजवळच्या दुकानात गेले. त्यांना आता पंधरा पावलांवर थांबावं लागतं, म्हणून रिक्षा केली. दुकानदार अविराज, कुशलच्याच वयाचा. आधी मेगापिक्सेलच सांगत होता. मी "किती मिलिमीटर?" म्हटल्यावर माझ्याकडे नीट बघायला लागला. "काकू, तुमी तर अभ्यास करून आलाय!" सुखावले, उगीच खोटं कशाला लिहू.

त्यानं तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. पहिला स्वस्त, पण पस्तीसचा, तो लगेच बाजूला ठेवला. दुसरा जुन्या मालातला, पण लांबचं जवळ आणणारा. त्याचा आकडा छत्तीस. तिसरा साबणाच्या वडीएवढा, चोवीसचा. दोन्ही गुण असलेलाही एक होता, पण तो माझ्या आवाक्यातला नव्हता.

नानांनी दुसरा हातात घेतला तो सोडेचनात. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी जवळ आणली, मग तारेवरचा कोतवाल पक्षी. "श्यामला, हे बघ, शेपटीची चीर दिसते." पुढं म्हणाले, यानं भिगवणला जाऊन रोहित पक्षी टिपता येतील, कालव्यावर नोकरीला होतो तेव्हा लांबून नुसते गुलाबी ठिपके दिसायचे. नाना गेल्या वर्षभरात इतकं सलग बोलले नव्हते.

मी चोवीसचा घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. अख्खं दुकान आत! दोन्ही भिंतींची कपाटं, काउंटर, वरचा पंखा, एका कडेला अविराज, दुसऱ्या कडेला नाना. कडेची माणसं जरा फुगलेली दिसत होती. नानांचा खांदा तर दारापर्यंत ताणला गेला होता. "कडंला मानूस घेऊ नका," अविराज म्हणाला, "खोलीला एक नंबर हाय."

नानांना विचारलं, कोणता घेऊ? ते म्हणाले, "काम कशाचं आहे? खोलीचं. मग हाच." दुसरा कॅमेरा त्यांनी स्वतःच काउंटरवर ठेवला. त्याचा पट्टा नीट गुंडाळून ठेवला.

व्यवहाराला पक्के आहेत नाना.

२५ नोव्हेंबर

खोली रिकामी केली. रेडिओ, औषधांचा डबा, कालनिर्णय, पाठीला टेकायचा लोड, काठी, भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो. सगळं मिळून दोन पाट्या भरल्या. माणसाला म्हातारपणी किती थोडं लागतं!

खिडकीच्या कट्ट्यावर चढून, कॅमेरा छताला लावून फोटो काढले. सतरा काढले, एक साधला. खाट दूर गेलीय, कपाट त्याहून दूर, मधे फरशी अशी पसरलीय की लहान मूल धावेल. मीच बघत राहिले. ही आपल्या घरातली खोली? खोटं तर त्यात काहीच नाही. खोली तीच, भिंती त्याच. मी काही जोडलेलं नाही.

तासभर नाना परसात उभे होते. मी हाक मारायला विसरले. आत आले ते भिंत धरून. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "चांगली आहे खोली. कुणाची?"

विनोद करायची त्यांची ही जुनी पद्धत.

२ डिसेंबर

गॅलरीला ग्रिल होतंच, आतल्या बाजूनं जाड पडदा लावून घेतला. नाना कालपासून तिथं झोपतात. तक्रार नाही.

जाहिरातीचा कागद छापून आणला. फोटो मोठा, खाली 'प्रशस्त, हवेशीर खोली, फक्त महिलांसाठी' आणि माझा नंबर. माझी मैत्रीण संजीवनी नोकरीला रोज इंदापूरला जाते. ती दहा कागद घेऊन गेली, तिथल्या एसटी स्टँडवर लावते म्हणाली. 'प्रशस्त' लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला होता. मग फोटोकडे पाहिलं आणि लिहिलं.

९ डिसेंबर

इंदापूरहून फोन. सोनम नावाची मुलगी, बावीस वर्षांची. लोणी देवकरला कंपनीत पॅकिंगला होती, आता इथं बारामतीत डेअरीच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. आवाज स्वच्छ, बोलणं अदबीचं. शेवटी तिनं विचारलं, "काकू, आईला आणलं तर चालेल का? दोन खाटा बसतील ना?"

मी म्हटलं, "फोटो पाहिलास ना?"

"पाहिला. मोठी आहे खोली."

"मग बसतील की."

फोन ठेवल्यावर खोलीत जाऊन उभी राहिले. अंगठा आणि करंगळी ताणून वितीनं फरशी मोजायला लागले, मधेच सोडून दिलं. आई काय, चार दिवस राहील आणि जाईल. मुली सुरुवातीला आईला आणतातच.

१६ डिसेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

अकराच्या सुमाराला टेम्पो आला. त्यात खाट, पत्र्याची पेटी, स्टोव्ह, गोधड्यांची दोन गाठोडी आणि पुढं ड्रायव्हरशेजारी सोनमची आई बनाबाई. साठीच्या पुढच्या, काटक, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. हा चार दिवसांचा मुक्काम नव्हे, हे पेटी उतरतानाच कळलं.

सोनम दार उघडून खोलीत गेली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. मागून खाट घेऊन आलेली दोन माणसं अडली. "ताई, सरका की," एक जण म्हणाला. तिला सरकायला जागाच नव्हती.

खाट आत घेऊन पाहिली. लावली की परसाचं दार उघडेना. आडवी लावली तर कपाट उघडेना. माणसं माझ्याकडे बघायला लागली. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "मला वाटलं, तू एकटीच राहणार."

सोनमनं मान वर केली. तिच्या हातात तो माझा कागद होता, चार घड्या घातलेला. तिनं तो मला दाखवला नाही. पर्समध्ये ठेवला.

बनाबाई बाहेरूनच म्हणाल्या, "बसंना का? जाऊ दे. माझी खाट माघारी लावून दे. मी भुईवर निजते, मला भुईचीच सवय हाय."

खाट परत गेली. त्या परतणाऱ्या खाटेकडे अख्खी गल्ली बघत होती.

१९ डिसेंबर

नानांनी विचारलं, "त्यांना सांगितलं होतंस ना, खोली केवढी आहे ते?"

"फोटो पाहिला होता त्यांनी," मी म्हटलं.

नाना पुन्हा पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पान उलटलं नाही.

२३ डिसेंबर

सकाळी दूध द्यायला म्हणून मागं गेले. दार किलकिलं होतं. खाटेवर बनाबाई. सोनम जमिनीवर, डोकं आणि खांदे खाटेखाली, पाय मोरीच्या कट्ट्याला टेकलेले. तशीच गाढ झोपली होती. खाटेखाली चेहऱ्याजवळ तिनं उद्याचे कामाचे कपडे घडी करून ठेवले होते. तेवढीच जागा असेल.

दूध दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवून परत आले. दार वाजवलं नाही. तिला माहीत झालं असतं की मी पाहिलं.

वाटलं, त्यांना सांगावं, दुसरी जागा बघा. त्यांच्याच भल्यासाठी. मग वाटलं, मला ते दृश्य पुन्हा दिसू नये, एवढंच माझं भलं त्यात आहे.

२८ डिसेंबर

सोनम कामावर गेली की बनाबाई गॅलरीत नानांशेजारी येऊन बसतात. नाना त्यांना पेपर वाचून दाखवतात. आज मी आत तांदूळ निवडत होते, पडद्याआडून बोलणं ऐकू येत होतं.

बनाबाई म्हणाल्या, "बाबा, तुमी हितंच निजता व्हय? थंडी वाजत न्हाय?"

"गोधडी आहे."

"आन आदुगर कुठं निजत व्हता?"

नानांनी पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मागच्या खोलीत."

"आमच्या?"

"हं."

थोड्या वेळानं पाहिलं तर बनाबाई उठून गेल्या होत्या आणि नाना ग्रिलमधून रस्त्याकडे बघत होते.

ते 'वारं चांगलं असतं' असंही म्हणू शकले असते. तसं म्हणाले नाहीत.

२ जानेवारी २०१३

यांची डायरी संपली. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय.

सोनम संध्याकाळी कामावरून आली, तर खोलीत आई नाही. पिशवी नाही. उशीवर किल्ली. नाना म्हणाले, सकाळी दहाला 'जरा देवळात जाऊन येते' म्हणाल्या. मी दुपारी झोपले होते. सोनमनं भावाला, संभाजीला फोन लावला. तो गावी घरीच होता. त्याच्याकडे आलेल्या नाहीत. "तूच नेलंस ना मोठ्या तोऱ्यात? आता तूच शोध," म्हणून त्यानं फोन ठेवला. सोनमचा चेहरा पाहवेना.

तेव्हा तिनं सांगितलं. भावानं घर वाढवलं आणि आईचं अंथरूण गोठ्याशेजारच्या सपरात, नुसत्या छपराखाली टाकलं. हिनं भावकीसमोर भावाला सुनावलं, आई आजपासून माझ्याजवळ राहील. चार दिवसांनी स्टँडवर माझा कागद दिसला.

"काकू, तुमचा फोटो पाहिला आणि मी त्याला म्हटलं, बघ, तुझ्या घरापेक्षा मोठी खोली आहे माझी."

इतकं साधं बोलली. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

गावाकडची गाडी इंदापूर स्टँडवरूनच सुटते, म्हणून तिथं चौकशी करायला संजीवनीला फोन केला; ती अजून इंदापुरातच होती. सातच्या सुमाराला तिनं कळवलं, आहेत, बाकावर बसल्यात, हलायला तयार नाहीत. तिनं हट्टानं त्यांना आपल्या बहिणीच्या घरी नेलं. संजीवनीची बहीण इंदापुरातच असते, हे नशीब.

३ जानेवारी

सोनमला आजची रजा मिळेना. तिला म्हटलं, मी जाते. तिनं माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं. ठेवण्यासारखं मी काही केलेलंच नव्हतं.

साडेनऊच्या गाडीनं इंदापूरला गेले. बनाबाई सकाळीच त्या घरातून निघून पुन्हा स्टँडवर आल्या होत्या. लोकांच्या घरी बसून राहायचं कसं, म्हणून. त्याच बाकावर, पाय वर घेऊन, पिशवी पोटाशी धरून. समोरच्या झेरॉक्सच्या काचेवर माझा कागद लावलेला. प्रशस्त, हवेशीर.

मी शेजारी बसले. "बनाबाई, चला घरी."

"कुणाच्या?" त्या म्हणाल्या.

उसाचे दोन ट्रॅक्टर रस्त्यावरून गेले.

मग त्याच बोलल्या. "बाई, माझ्या सुनंनं मला सपरात घातलं, तवा म्या तिला लय वाईट बोलले. तुजं बी असंच व्हईल म्हनले. आन तुमच्याकडं म्या एका म्हाताऱ्याच्याच जागंवर निजले, धा-बारा दिस. मला ठावंच न्हाय. त्यो बाबा मला रोज पेपर वाचून दावायचा. त्याच्या तोंडाकडं कसं बघू आता?"

"त्यांना मी बाहेर काढलं, तुम्ही नाही," मी म्हटलं. हे शब्द पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघाले. डायरीतसुद्धा नव्हते लिहिले. "आणि त्या फोटोतली खोली खोटी आहे. कॅमेराच तसा निवडून आणला, मुद्दाम. सोनमनं दोन खाटांचं विचारलं, तेव्हा बसणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं."

वाटलं होतं, त्या उठून जातील. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"आमाला बी ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोरगी म्हनली, आई, एवढ्याशा भाड्यात एवढी मोठी खोली कोन देतंय, कायतरी गडबड असंल. म्या म्हनले, असू दे. हितनं निघायला कायतरी कारान पायजे व्हतं. तिला पन, मला पन."

यानं मला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, या दोघी माझ्या खोटेपणाला पहिल्यापासून सांभाळून घेत होत्या, आणि मी दुधाचं भांडं ओट्यावर ठेवून पळ काढत होते.

बनाबाईंनी मग सहज विचारलं, "आन तुमी कुठं निजता?"

"माझ्या खोलीत."

"केवढी हाय?"

"बारा बाय चौदा."

त्यांचा चांगला डोळा माझ्या बाजूला होता. त्यांनी तो रस्त्याकडे वळवला, मला अवघड होऊ नये म्हणून. मला वाटतं, जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. घरातल्या खोल्या मी किती वेळा मोजल्या होत्या या दीड महिन्यात! यांच्या जाण्यानंतर त्या मोठ्या पलंगावर मी एका कडेला झोपते, बाकीचा पलंग धुवून आणलेल्या कपड्यांनी भरलेला असतो.

झेरॉक्सवाल्याच्या काचेवरचा कागद काढला. तो म्हणाला, "गेली का खोली?"

"गेली," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत बनाबाई खिडकीशी बसल्या. बारामती येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं, काय करायचं ते. त्या एवढंच म्हणाल्या, "आदी त्या बाबाला इचारा. मला नगं."

६ जानेवारी, रविवार

विचारलं. वाकून, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून. "नाना, तुमची खोली मी घेतली. तुम्ही देतो म्हणाला नव्हतात. मी ऐकलं तसं. परत याल तिथं?"

ते म्हणाले, "आता गॅलरीची सवय झाली गं. सकाळी पक्षी येतात."

खरंच सवय झाली, की मला मोकळं करताहेत? कळलं नाही. यापुढं कळेल अशी खात्रीही नाही. आजवर त्यांच्या प्रत्येक वाक्याचा सोयीचा अर्थ मी काढत आले. म्हणून या वेळी अर्थ काढलाच नाही. दोन्ही पाट्या उचलल्या आणि मागच्या खोलीत सामान लावायला घेतलं.

सोनमला सुट्टी होती. टेम्पोवाल्यानं बनाबाईंची खाट इंदापूरहून परत आणली, येताना सोनमसाठी एक घडीची खाटही आणली. माझा पलंग हॉलमध्ये मावेना, तो खोलून माळ्यावर टाकला. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपेन. बारा बाय चौदाच्या खोलीत दोन खाटा बसल्या, पेटी बसली, वर एक खुर्ची बसली. बनाबाई मधल्या फरशीवर उगीचच दोनदा इकडून तिकडं चालून आल्या. सोनम माझ्याशी बोलली ते कामापुरतं. "काकू, दोरी कुठं बांधू?" एवढंच. तिनं पर्समधला तो कागद अजून फेकला असेल असं वाटत नाही. फेक म्हणून सांगायचा हक्क मला नाही.

चार वाजता नानांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. दारात थांबून त्यांनी सगळीकडं पाहिलं. रेडिओ, डबा, काठी, सासूबाईंचा फोटो. फोटो चार बोटं खाली लागला होता, मी म्हटलं, उद्या खिळा बदलते.

"राहू दे," ते म्हणाले. "श्यामला, जरा पडतो मी. चहाला उठव."

मी बाहेर आले. दोन पावलं टाकली असतील, मागं दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पाच आठवडे या माणसाला लावायला दारच नव्हतं. मी दाराबाहेर तशीच उभी राहिले.